वरचा कप्पा

दसरा झाला की आमच्या घरातला माळा जागा होतो. स्टुलावर चढून एकेक डबा खाली उतरवायचा, त्याला नाक लावून गेल्या वर्षीच्या चकलीचा वास अजून आहे की गेला ते पाहायचे, आणि मग त्या डब्याच्या कुळाची चौकशी करायची. हा कुणाकडून आला? याचे झाकण कुठे गेले? पितळेच्या डब्यांवर नावे कोरलेली असत, तेव्हा हा प्रश्न पडत नसे. प्लॅस्टिकच्या डब्याला नाव नसते. श्रीखंडाचा डबा नारळाच्या चवाला लागतो, आइस्क्रीमचा कढीपत्त्याला, आणि कुणाचा डबा कुणाकडे राहिला याचा हिशेब चित्रगुप्तालाही लागायचा नाही.

यंदा या डब्यांवरून घरात थोडे वाजले, म्हणून हा विषय.

२०२० सालच्या टाळेबंदीत कामाच्या बाई येईनाशा झाल्या आणि आमच्याकडे भांडी घासण्याचे यंत्र आले. सासूबाईंचे आणि त्याचे पहिले सहा महिने पटले नाही. "ते घासत नाही गं, नुसते भिजवते," हे त्यांचे मत. पुढे एकदा त्याने करपलेले दुधाचे पातेले लख्ख करून दिले आणि बाईंचे मन विरघळले. ते इतके, की आता दिसेल ते भांडे त्यांना यंत्रात घालायचे असते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचे झाडून सारे प्लॅस्टिक आत भरले, तेलकट कढयांसाठी असतो तो सर्वांत कडक धुण्याचा क्रम लावला आणि समाधानाने पोथी वाचायला बसल्या.

दोन-अडीच तासांनी दार उघडले. पेढ्यांचा पारदर्शक डबा तळलेल्या पापडासारखा वेडावाकडा झाला होता. एका झाकणाची होडी झाली होती. एक हलकी डबी पाण्याच्या फवाऱ्याने उलटून गढूळ पाण्याने काठोकाठ भरली होती. बाकीचे डबे मात्र जसेच्या तसे. "असे कसे? सगळे प्लॅस्टिकच ना?" सासूबाई म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. आपण 'प्लॅस्टिक' असे एकच नाव देऊन मोकळे होतो, पण ती एक जात नव्हे, मोठे गोत आहे. त्यात दोन मुख्य शाखा. एक गुळासारखी : तापवली की मऊ होते, थंड झाली की पुन्हा घट्ट. दुसरी भाकरीसारखी : एकदा भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही. आपले बहुतेक डबे-बाटल्या पहिल्या शाखेतल्या. कुकरच्या दांड्याचे बेकेलाइट आणि जेवणाच्या नक्षीदार ताटांचे मेलामाइन दुसऱ्या शाखेतले. ही दुसरी शाखा यंत्रात वितळत नाही, पण गरम पाणी आणि साबण सोसून सोसून तिची चकाकी जाते. मेलामाइनच्या ताटाला बारीक तडे दिसू लागले, की त्यात जेवण वाढू नये.

पहिल्या शाखेतला कोण कुठला, ते डब्याच्या बुडाशी त्रिकोणातल्या आकड्यावरून कळते. ही पद्धत अमेरिकेत १९८८ साली सुरू झाली. हा आकडा फक्त पदार्थाची ओळख सांगतो. डबा यंत्रात धुवावा की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी अंदाज बांधता येतो. पेढ्यांच्या डब्यावर १ होता. पाण्याच्या बाटल्यांचे तेच हे पीईटी. साधारण ७० ते ८० अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागते, आणि यंत्राचा कडक क्रम ७० अंशांपर्यंत जातो. पापड का झाला, ते उघड आहे. जे डबे टिकले त्यांच्यावर ५ होता, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते वितळायला १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, ते ठिसूळ. त्याला या भानगडीत घालूच नये.

आणखी एक खूण शोधावी : ताटल्या आणि त्यांवर पडणारे पाण्याचे थेंब. ती असली तर डबा यंत्रात धुता येतो, असे बनवणारा म्हणतो आहे. पेला आणि काटा अशी खूण असते ती वेगळी. त्या डब्यात अन्न ठेवायला हरकत नाही, एवढाच तिचा अर्थ. सासूबाईंनी ही दुसरी खूण "काट्या-चमच्यासकट धुवा" अशी वाचली होती. मी वर्गात याहून वाईट अर्थ ऐकले आहेत.

खरे म्हणजे हे यंत्र प्लॅस्टिकसाठी जन्मालाच आलेले नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी १८८६ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांच्या घरची चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून घासताना टवके उडून खराब होत, हे दुखणे. १८९३ साली शिकागोच्या ज्या जत्रेच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले, त्याच जत्रेत हे यंत्रही मांडले होते. बेकेलाइट आले १९०७ साली आणि पॉलिप्रॉपिलीन तर १९५० नंतर. चिनी मातीसाठी केलेल्या न्हाणीघरात प्लॅस्टिक नंतर शिरले. म्हणून त्याने पाहुण्यासारखे वरच्या कप्प्यात बसावे. काही यंत्रांत तापणारी सळई तळाशी उघडी असते. तिच्यावर डबी पडली तर संपलेच. तळाशी पाण्याचा माराही जोराचा. डबे वर, पालथे, दोन दांड्यांत अडकवून ठेवावेत, पण दाबून कोंबू नयेत. गरम असताना वाकलेले झाकण थंड झाल्यावर तसेच राहते. झाकणाची रबरी कडी काढून वेगळी धुवावी, तिच्याखाली काय काय दडलेले असते ते येथे लिहीत नाही. डबे ओलेच बाहेर येतात, तो यंत्राचा दोष नव्हे : प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून त्यावरचे थेंब वाळत नाहीत. आणि हळदीचा डाग. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लॅस्टिकमध्ये मुरतो. यंत्र हात टेकते. डबा दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवा. ऊन तो रंग खाते.

इथवर सारे हसण्यावारी चालले होते. मग सासूबाईंनी आतून कापडात गुंडाळलेली एक बाटली आणली. माझ्या मुलीची दुधाची बाटली, २००९ सालची. नणंदेला नुकतीच मुलगी झाली आहे, तिला द्यायला त्यांनी ती जपली होती. काचेसारखी नितळ, आपटली तरी न फुटणारी. "हीही घाल वरच्या कप्प्यात," त्या म्हणाल्या.

मी बूड पाहिले. आकडा ७, शेजारी पीसी अशी अक्षरे. सात म्हणजे 'इतर'. त्यात बरेच काही येते, पण ही अक्षरे पॉलिकार्बोनेटची. बीपीए नावाच्या रसायनापासून ते बनते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला पॅट्रिशिया हंट या बाई उंदरांच्या स्त्रीबीजांवर संशोधन करीत. १९९८ साली त्यांच्या निरोगी उंदरांच्या बीजांत एकाएकी मोठे बिघाड दिसू लागले. शोधता शोधता कारण सापडले ते धुण्यात : उंदरांचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या होत्या, आणि कुणी तरी त्या चुकून फरशीच्या तीव्र क्षारयुक्त साबणाने धुतल्या होत्या. प्लॅस्टिक खाल्ले गेले, बीपीए सुटले. पुढे त्यांनी मुद्दाम तसे पिंजरे खराब करून खात्री केली आणि २००३ साली ते प्रसिद्ध केले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण भांड्यांच्या यंत्राचा साबणही क्षारयुक्त असतो, आणि पाणी कढत. बाळांच्या अशा बाटल्यांवर कॅनडाने २००८ साली बंदी जाहीर केली, युरोपीय संघाने २०११ साली घातली, अमेरिकेने २०१२ साली. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०१५ साली त्या हद्दपार केल्या. ('बीपीए नाही' अशा चिठ्ठीनेही फार हुरळू नये. त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ बीपीएस असू शकतो.)

हे मी सांगितले आणि सांगता सांगता थांबले. कारण ही बाटली रोज वीस मिनिटे पातेल्यात उकळत असे. मी पहाटेच्या तासांना जाई, आणि उकळण्याचे काम सासूबाईंनी वर्षभर, एक दिवस न चुकता केले होते. प्लॅस्टिक जितके तापवावे तितके ते सुटते.

"म्हणजे मी तिला..." त्या म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत.

"आई, तेव्हा डॉक्टरांनीच उकळायला सांगितले होते. आणि ते बरोबरच होते, जंतूंसाठी," मी म्हटले. सोळा वर्षांची मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, मी ठणठणीत आहे. गणितात नाही, पण तो बाटलीचा दोष नसावा." सासूबाई हसल्या, पण त्या रात्री जेवताना त्यांनी ताक घेतले नाही.

नणंदेच्या डॉक्टरांनी बाटलीच नको, वरचे दूध द्यायचे झाले तर वाटी-चमच्याने द्या, असे सांगितले आहे. सासूबाईंनी कपाटातून चांदीचे बोंडले काढले होते, पण त्याची चोच आतून नीट घासता येत नाही असे त्यांचे त्यांनाच वाटले. शेवटी स्टीलची एक लहान वाटी गेली. ती यंत्रात कुठल्याही कप्प्यात चालते. सासूबाई ती हातानेच घासून देतात.

बाटली टाकायला कुणाचा हात झाला नाही. मुलीने तिच्यात मनीप्लँटची फांदी लावून ती खिडकीत ठेवली आहे. पाणी सासूबाई बदलतात, गार.