अकरा रात्रींचा काजवा

दिवाळीला पुतण्या अमेरिकेहून करकंबला आला, तेव्हा बॅगेतून घरच्यांसाठी बदाम-पिस्ते निघाले आणि माझ्यासाठी एक डीव्हीडीचा संच. ‘‘काका, एवढी मालिका बघाच. चौदाच भाग आहेत.’’ हा मुलगा लहानपणी दूरदर्शनवरच्या ‘कॅप्टन व्योम’साठी जेवणाचे ताट सोडून उठायचा. केतन मेहतांची ती अंतराळमालिका 1998 सालची. मिलिंद सोमण त्यातला नायक. तेव्हा मी त्याला हसलो होतो. आता त्याने त्याचे उट्टे काढायचे ठरवले असावे.

मालिकेचे नाव ‘फायरफ्लाय’, म्हणजे काजवा. अंतराळ म्हटले की चकचकीत गणवेश आणि हिरव्या तोंडाचे परग्रहवासी येणार, या तयारीने मी बसलो. इथे परग्रहवासी एकही नाही. पाचशे वर्षांनंतरची माणसे आहेत, ती रागावली की चिनी भाषेत शिव्या देतात आणि धुळीच्या गावांतून घोड्यावरून हिंडतात. आपण ‘शोले’त पाहिलेले रामगढ कुणी आकाशात नेऊन ठेवले तर कसे दिसेल, तसे. एका भागात तर यानातून चक्क गुरे वाहून नेली जातात. शेंगा सोलत बसलेली सौभाग्यवती म्हणाली, ‘‘अगंबाई, हा तर आपला बाजारच!’’

ते खरेच होते. मधल्या ग्रहांवर सुबत्ता, दवाखाने, झगमगाट. कडेच्या ग्रहांवर धूळ आणि टंचाई. मधल्यांनी कडेच्यांना युद्धात हरवले आहे. मालिकेचा नायक कॅप्टन माल रेनॉल्ड्स हा त्या हरलेल्या बाजूचा शिपाई. जुनाट यान आणि आठ सोबती घेऊन तो मिळेल तो माल वाहतो, वेळप्रसंगी चोरतोही. एकदा तो आगगाडीतून पेट्या पळवतो. मागाहून कळते की त्यांत खाणकामगारांच्या आजारी वस्तीसाठी चाललेली औषधे आहेत. समोर एक क्रूर गुंड पैसे मोजून बसला आहे. ‘‘परत दे रे बाबा,’’ सौभाग्यवती पडद्याला म्हणाली. आणि तो परत देतो.

चौदावा भाग संपला. ‘‘पुढे?’’ तिने विचारले. पुढे काही नाही, असे सांगताना मलाच अपराधी वाटले.

या मालिकेची हकीकत अशी. जॉस व्हेडन या लेखकाने ती रचली आणि फॉक्स वाहिनीने 20 सप्टेंबर 2002 पासून शुक्रवारी रात्री ती दाखवायला घेतली. वाहिनीला दोन तासांचा पहिला भाग संथ वाटला. म्हणून तो बाजूला ठेवून दुसराच भाग घाईने लिहून घेतला आणि तिथून सुरुवात केली. पुढचे भागही उलटसुलट क्रमाने दाखवले. महाभारत कर्णपर्वापासून सांगायला घेतले तर श्रोत्यांना कोण कुणाचा भाऊ हे कळायचे कसे? प्रेक्षक जमले नाहीत. अकरा भाग दाखवून मालिका बंद झाली. त्यातला शेवटचा, 20 डिसेंबरचा भाग कोणता होता? तोच, पहिला!

वाहिनी ही काही धर्मादाय संस्था नव्हे. प्रत्येक भागाला पैसा लागतो आणि जाहिरातदार प्रेक्षक मोजूनच पैसा देतो. सारा जन्म बँकेत काढलेल्या माणसाने हिशेबाला नावे ठेवू नयेत. पण हिशेब कधी करायचा, हाही एक हिशेब असतो. शाखेत असताना एका शेतकऱ्याच्या डाळिंबाच्या फाइलवर मी ‘पुढील हप्ता देऊ नये’ असा शेरा मारला होता. बाग दोन वर्षांची, उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. ते शून्य असणारच होते. भरीचे पीक यायला तिसरे वर्ष उजाडावे लागते, हे मलाही ठाऊक होते. पण तिमाही संपत आली होती आणि मला माझे तक्ते स्वच्छ हवे होते. त्याने बाग उपटली. माझ्या तक्त्यात एकही चूक नव्हती.

आपल्याकडे काय वेगळे आहे? मराठी मालिकाही एका सोमवारी गायब होतात. नायिका दारात उभी असते, ती उभीच राहते. काही हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून सगळ्या देशाची आवड ठरते आणि 2020 साली मुंबईत त्या टीआरपीतच गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. तराजूवरच संशय, आणि तरी मालाची किंमत त्याच तराजूवर!

‘फायरफ्लाय’ला मात्र दुसरा जन्म मिळाला. डिसेंबर 2003 मध्ये तिचे सगळे भाग योग्य क्रमाने डीव्हीडीवर आले आणि लोकांनी ते विकत घेतले, मित्रांना दिले. ती मागणी पाहून 2005 साली दुसऱ्या कंपनीने ‘सेरेनिटी’ हा चित्रपट काढला. 2007 मध्ये स्टीव्हन स्वॉन्सन या अंतराळवीराने या डीव्हीडी अवकाश स्थानकावर नेल्या. वाहिनीने टाकून दिलेले यान खरोखरच पृथ्वीभोवती फिरले.

हे घडले, कारण ती गोष्ट लोकांच्या हातात होती. आज आपण महिन्याची वर्गणी भरून मोबाइलवर बघतो. यादीतून नाव काढले की मालिका गेली; पुतण्याच्या बॅगेत घालून आणता येईल असे काही उरत नाही. म्हणून मालिकावाल्यांकडे मागणे एवढेच आहे. बंद करायची तर जरूर करा, पण गोष्ट पहिल्यापासून दाखवा आणि शेवटाला दोन भाग द्या. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान बंद करता येते; वाक्य अर्धवट सोडून उठता येत नाही. आणि आपणही, आवडलेले चार लोकांना सांगावे. करकंबची बाजार आमटी जाहिरातीने नव्हे, खाणाऱ्यांच्या तोंडून गावोगाव पोचली.

‘सेरेनिटी’ची तबकडी अजून फोडलेली नाही. सौभाग्यवती फोडू देत नाही. म्हणते, ‘‘राहू द्या हो. ती बघितली की मग खरंच संपलं.’’