अचानक काही मोडत नाही

बातमीतलं एक वाक्य आम्हा जोडाऱ्यांना नेहमी टोचतं: ‘अचानक तांत्रिक बिघाड झाला.’ बिघाड पायलटला अचानक कळतो; यंत्रात तो बहुतेक वेळा आधीच मुक्कामाला आलेला असतो. फवारणीच्या हेलिकॉप्टरमध्ये हा फरक जिवावर बेततो.

२०२० ची टोळधाड आठवा. मे महिन्यात टोळ अमरावती-नागपूरकडे शिरले, तेव्हा आपल्याकडे ट्रॅक्टरवरचे पंप धावले. राजस्थानच्या वाळवंटासाठी ३० जूनला बेल २०६ हेलिकॉप्टर रवाना झालं. अडीचशे लिटर औषध, एका फेरीत २५ ते ५० हेक्टर. सगळ्यांनी हेक्टर मोजले. मी ‘फेरी’ या शब्दापाशी अडलो.

टाकी काही मिनिटांत रिकामी होते. उतरा, भरा, पुन्हा उडा. प्रवासी हेलिकॉप्टर तासाभरात एकदा उडत असेल, तर हे कितीतरी वेळा. मीटरवर दोघांचा तास सारखाच. पण भरल्या वजनानं उचलताना गिअरबॉक्सवर आणि पंख्याच्या दांड्यावर मोठा ताण येतो, आणि तो पुन्हा पुन्हा आला की धातू थकतो. शहरातली बस आणि रातराणी सारख्याच किलोमीटर धावल्या, तर क्लच कुणाचा आधी जातो, ते कुठल्याही एसटी आगारात विचारा. म्हणूनच उत्पादक कंपन्या काही भागांचं आयुष्य तासांबरोबर फेऱ्यांतही मोजतात. ती नोंद दमलेल्या माणसानं संध्याकाळी अंदाजे भरली, की सगळं गणित कोसळलं.

इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. पायलटनं पात्यांचा कोन लगेच कमी केला, तर खालून येणारी हवा पंखा फिरवत ठेवते आणि यंत्र महोगनीच्या बीसारखं गरगरत उतरतं. पण त्यासाठी गाठीशी उंची हवी किंवा वेग हवा. पिकावरून चार-पाच मीटरवर उंची नसते. शेताच्या टोकाला, टाकी भरलेली असताना वळण घेतलं, की वेगही उरत नाही. हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत या धोक्याचा आलेखच असतो. पायलट त्याला ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात. फवारणीवाल्याचा बराचसा दिवस त्याच्या काठावर जातो.

तेव्हा पायलटला हवेत न मिळणारी सवड जमिनीवरच कमवावी लागते. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबक लावलेला एक बूच असतो. धातूचा कण त्याला चिकटून दोन टोकं जोडली गेली, की पायलटसमोर दिवा लागतो. बूच काढून बोटावर पुसावा. काजळासारखा काळा लेप आला तर ती नेहमीची झीज. पण उन्हात चमकणारी, नखाला टोचणारी कपची आली, तर आत बेअरिंग किंवा दात्याचा टवका उडालाय. तिथं ‘ही एक फेरी मारून बघू’ नाही.

अडचण अशी, की टोळ रात्री बसतात आणि ऊन चढलं की उडतात. सकाळचे दोन तास गेले तर दिवस गेला. पैसे हेक्टरवर ठरलेले असले, तर तो दिवा इशारा वाटत नाही, कटकट वाटते. माझं म्हणणं साधं आहे: फवारणीच्या करारात दुरुस्तीसाठी थांबलेल्या दिवसाचेही पैसे लिहा, आणि तपासणीला येणाऱ्यानं तासांच्या आधी फेऱ्यांची वही मागावी.

२०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून १५,००० बचतगटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं. वर माणूस नाही, हे फार चांगलं झालं. पण दहा लिटरच्या टाकीच्या फेऱ्या आणखी वाढतात, आणि खाली शेतात माणसं असतातच. ड्रोनच्या पेटीत चार्जर देताय ना? सोबत शंभर पानी वही आणि पेनही द्या.

– जोडारी