दुबार पेरणी उतावळेपणामुळेच?

दुबार पेरणी शेतकऱ्याच्या उतावळेपणामुळेच ओढवते, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला योग्यच. पण पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी, आणि शिवार तिथून कोसभर लांब! मराठवाड्यात एका शिवारात ओढा वाहतो, शेजारच्या शिवारात धूळ उडते. म्हणून जाणता माणूस खुरप्याने माती उकरून वीतभर ओल गेली का ते पाहतो. मुठीत दाबलेला गोळा खाली टाकल्यावर फुटला, म्हणजे वाफसा आला, की तिफण धरतो.

थांबण्याचीही किंमत असते. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरले की उतारा घटतो, सोयाबीनलाही जुलैच्या मध्यापलीकडे थांबता येत नाही. मुरमाड रानातली ओल चार दिवसांत उडते, काळ्या रानात टिकते. दोन्हींना एकच तारीख कशी लावणार? ज्याच्याकडे बैल नाहीत, त्याला भाड्याचा ट्रॅक्टर मिळेल तोच मुहूर्त.

पावसाने ओढ दिली की बियाण्याचे पैसे मातीत जातात. अशा माणसाला दोष देण्यापेक्षा गावोगावी पर्जन्यमापक बसवा, आणि उशिरा पेरायची वेळ आलीच तर तूर-बाजरीचे बियाणे तालुक्यात हाताशी ठेवा.

– एक कोरडवाहू शेतकरी, जि. बीड