तीन दिवसांची सुट्टी आणि तात्यांची चावी



कारकून माणूस नव्या वर्षाचे कॅलेंडर घरी आणतो तेव्हा सगळ्यांत आधी लाल आकडे मोजतो. आम्हीही मोजतो. २०२५ सालच्या ऑगस्टात आम्ही दोन ठिकाणी मार खाल्ला. स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष एकाच दिवशी, १५ तारखेला आले. म्हणजे एक सुट्टी बुडाली. दहीहंडी १६ तारखेला, शनिवारी आली. शनिवारी आमची कचेरी तशीही बंद असते; म्हणजे दुसरीही बुडाली. तरी शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन दिवस हाती लागले. आमच्या मिसेसनी त्या तीन दिवसांत माळा साफ करायचे ठरविले होते. आम्ही झेंडावंदन करून परस्पर कट्ट्यावर गेलो.

कट्टा म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळींच्या आवारात, चहाच्या टपरीला लागून असलेला सिमेंटचा ओटा. तिथे चार ज्येष्ठ मंडळी रोज संध्याकाळी पाच वाजता बसतात आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसतात. आम्ही त्यांच्यात वयाने सगळ्यांत लहान, म्हणून चहा सांगायचे आणि हिशेब ठेवायचे काम आमच्याकडे. बी.कॉम. झालेला आहे म्हणून आमचे नाव तिथे 'बीकॉम' असेच आहे.

पहिले तात्या. गिरणीच्या कताई खात्यात बदली कामगार म्हणून लागले, कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. पुढे वॉचमनकी करून पोरे शिकविली. दुसरे मास्तर. शाळेतले नव्हेत, बेस्टचे कंडक्टर. तिसरे काका, कोकणातले, टपाल खात्यातून पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले. चौथ्या आक्का, हॉस्पिटलात तीस वर्षे आया होत्या. चौघांत आवाज आक्कांचा मोठा आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

कट्ट्याचा एक कायदा आहे. मुलाविषयी बोलायचे नाही, सुनेविषयी बोलायचे नाही आणि साखरेचा रिपोर्ट वाचून दाखवायचा नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांना कटिंग पाजायची. कायदा आक्कांनी केला आणि पहिल्याच आठवड्यात तीनदा मोडला. पण दंड मात्र रोख भरला, हे नमूद करतो.

शुक्रवारी आम्ही कट्ट्यावर बसता बसता बुडालेल्या दोन सुट्ट्यांचे दुःख सांगितले. मास्तर म्हणाले, "अरे बीकॉम, तुला तीन दिवस तरी मिळाले. आम्हा रिटायर माणसांना कसली सुट्टी?"

आक्का म्हणाल्या, "तुम्हाला रोजच सुट्टी. पण आम्हा बायकांचं विचारा. तुम्हा लोकांची सुट्टी म्हणजे आमची डबल ड्युटी. आज सकाळपासून दोनदा पोहे झाले. तिसऱ्यांदा विचारायच्या आत निघून आले."

"कोण विचारणार होतं?" काकांनी साळसूदपणे विचारले.

"आमचा मुल..." म्हणेपर्यंत आक्कांनी तोंडावर हात ठेवला. पण मास्तरांनी तोपर्यंत 'टिंग' केले होते.

हे 'टिंग' काय ते सांगायला हवे. बसमध्ये एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन घंटा म्हणजे चला. मास्तरांची नोकरी संपली, पण घंटा काही सुटली नाही. कोणी कायदा मोडला की ते एकदा 'टिंग' करतात आणि चहा आला की 'टिंग टिंग'.

मग डबलडेकरचा विषय निघाला. डिझेलवरची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला धावली, त्या दिवशी मास्तर जेवले नव्हते असे ते स्वतः सांगतात. आक्कांच्या मते दुपारी भजी खाल्ली होती. वरच्या मजल्यावरची सगळ्यांत पुढची सीट मिळविण्यासाठी आपण तिघींना कसे ढकलले होते, तेही आक्कांनी रंगवून सांगितले. त्यावर काकांनी मनीऑर्डरींचा विषय काढला. पगार झाला की गिरणी कामगार पोस्टाच्या खिडकीपुढे रांग लावायचे, आणि त्या पैशावर कोकणातली गावेच्या गावे जगायची. "तेव्हा गावाकडे देवानंतर पोस्टमन," काका म्हणाले. "गावाकडे असेल," आक्का म्हणाल्या, "इथे तुम्ही आमची पत्रं शेजारच्या खोलीत टाकायचात."

एवढे सगळे हसलो. तात्या मात्र हसले नाहीत. चहाही अर्धा ठेवला.

आता मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. एवढ्याशा खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहिली, पोरे व्हरांड्यात झोपली आणि व्हरांड्यातच अभ्यास करून मोठी झाली. वरळीत या चाळींच्या जागी आता चाळीस मजली इमारती होत आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत आमचे तात्या होते. त्यांची चाळ पाडायला घेतली तेव्हापासून ते संक्रमण शिबिरात राहत, पण रोज चालत कट्ट्यावर येत. बाकी तिघांचा नंबर अजून यायचा होता.

शनिवारी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. आम्हाला वाटले, आज कट्टा बंद. जाऊन पाहतो तो टपरीच्या ताडपत्रीखाली चौघेही हजर! रस्त्यावरून गोविंदांचे ट्रक भिजत, ओरडत चालले होते. मास्तर, आक्का नि काका यांनी तात्यांना घेरले होते.

"चावी दाखवा," आक्का म्हणाल्या.

तात्यांनी आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चावी काढली. तिघांनी ती हातात घेऊन पाहिली, जणू सोन्याचा दागिना पाहावा. आक्कांनी तर वजनही केले.

"मजला कितवा?" काकांनी विचारले.

"एकविसावा."

"अरे मेल्या, आयुष्यभर मी पत्रं घेऊन तीनच मजले चढलो तर गुडघे गेले. तू एकविसाव्यावर जाऊन करणार काय?"

"लिफ्ट असते," तात्या म्हणाले.

"मग चहा पाज."

तात्यांनी चहा पाजला. पेढेही आणले होते, तेही वाटले. आम्ही अभिनंदन केले. शंभर वर्षांच्या चाळीतून माणूस संडास-बाथरूम असलेल्या स्वतःच्या घरात जातो आहे, याहून आनंदाची गोष्ट कोणती? तात्यांनी मान हलविली. पण तोंडावर आनंद काही दिसेना. आम्ही मनात म्हटले, पावसाने अंग दुखत असेल.

रविवारी पाऊस जरा उघडला. आदल्या दिवशी ठाण्यात गोविंदांनी दहा थर लावले होते, त्याचीच चर्चा सगळीकडे चालली होती. मास्तर म्हणाले, "दहा थरांचं काय कौतुक? आमचे तात्या एकविसाव्या थरावर चढणार आहेत, आणि तेही हेल्मेट न घालता!"

सगळे हसले. या वेळी तात्याही हसले, आणि हसता हसता एकदम म्हणाले, "चढेन रे. पण वरून हाक मारली तर ऐकणार कोण?"

कट्टा गप्प झाला.

तात्या सांगू लागले, "चाळीत दार कधी लावलं होतं आपण? पाणी भरायला मी पाच मिनिटं उशिरा आलो तर आक्का व्हरांड्यातून ओरडायच्या, 'तात्या, मेलात की झोपलात?' मागे काकाला ताप चढला होता, आठवतं? सकाळी नळावर दिसला नाही म्हणून आपण दार ढकललं, म्हणून तर तो आज इथे बसून माझे पेढे खातोय. परवा नवीन घर बघायला गेलो. झकास घर आहे. खिडकीतून लांबपर्यंत दिसतं. पण दार लावलं तसा आवाजच बंद झाला. मुलगा नि सून सकाळी आठला कामावर जातात ते रात्री नऊला येतात. तेरा तास मी आणि भिंत. बाथरूममध्ये पाय घसरला तर कळणार कोणाला, आणि कधी?"

आम्ही बी.कॉम. माणूस, पण १६० चौरस फूट आणि ५०० चौरस फूट यांतला हा फरक आमच्या हिशेबात आला नव्हता.

तात्यांनी खिशात हात घातला आणि दुसरी चावी काढली. ती त्यांनी काकांपुढे धरली. "ही तुझ्याकडे ठेव."

इथे जुन्या वाचकांना एक आठवण द्यायला हवी. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या या चाळींत दंगल झाली. त्या दिवसांत तात्या आणि काका दोघेही तरुण, आणि दोन वेगवेगळ्या बाजूंच्या चाळींत राहणारे. "तेव्हा हा समोर आला असता तर मी दगड घातला असता," असे दोघेही आज एकमेकांविषयी हसून सांगतात. पुढे मनीऑर्डरीच्या रांगेत ओळख झाली. तात्या आईला पैसे पाठवायला यायचे, पत्ता चुकीचा लिहायचे आणि काका दुरुस्त करून द्यायचे. त्या ओळखीचे सख्य व्हायला मात्र बरीच वर्षे लागली.

काकांनी चावी घेतली. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मग म्हणाले, "ठेवतो. पण लिफ्ट बंद असली तर टपाल दुसऱ्या दिवशी."

"टिंग!" मास्तर ओरडले.

"आता कशाला?" आम्ही विचारले.

"तात्या मुलगा म्हणाले आणि सून म्हणाले. दोन गुन्हे झाले. दोन राऊंड चहा."

"आणि बाथरूमचं बोलले ते?" आक्कांनी विचारले. त्यावर कायद्यात कलम नव्हते. म्हणून ते माफ झाले.

चहा पिता पिता मग कामाचे बोलणे झाले. आक्कांनी हुकूम सोडला की तात्या राहायला गेले तरी रोज पाच वाजता खाली उतरून कट्ट्यावर यायचे. पाऊस असो, पाय दुखो. यायला जमले नाही तर पाचच्या आत मास्तरांना फोन करायचा. सकाळी नऊला तात्यांनी एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे 'टिंग टिंग', गाडी चालू आहे. नऊची घंटा वाजली नाही तर मास्तरांनी फोन करायचा. फोन उचलला नाही तर काकांनी चावी घेऊन वर जायचे. काकांचे गुडघे आणि लिफ्टचा भरवसा लक्षात घेऊन सोबत जायचे काम शनिवार-रविवारी आमच्याकडे दिले. इतर दिवशी टपरीवाल्याचा पोरगा जाईल, असे त्याने स्वतःच सांगितले.

आम्ही त्याच रात्री मुलाच्या जुन्या वहीत रेघा मारून हजेरीपत्रक तयार केले. तात्या, मास्तर, काका, आक्का, अशी चार नावे. सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने. आक्का म्हणाल्या, "फक्त तात्यांचं कशाला? उद्या आमचाही नंबर लागणारच. आत्तापासून सवय असू दे." मग आमचेही नाव शेवटी घातले. कारकून पंचेचाळिशीचा असला म्हणून काय झाले, त्याचाही पाय घसरू शकतो.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घरे आता चाळीतून, झोपडपट्टीतून उंच इमारतींत जात आहेत. जायलाच हवे. पाण्यासाठी पहाटे चारला उठण्यात आणि संडासापुढे रांग लावण्यात कसलाही मोठेपणा नव्हता. पण सामान बांधताना भांडीकुंडी मोजतो तशी माणसेही मोजून घ्यावीत. घरात म्हातारे माणूस दिवसभर एकटे राहणार असेल तर एक चावी कोणाकडे, सकाळचा फोन कोणाला आणि संध्याकाळी बसायचे कुठे, एवढ्या तीन गोष्टी ट्रक यायच्या आधी ठरवाव्यात. आणि म्हातारी माणसे कट्ट्यावर तासन् तास काय बडबडतात, असे म्हणून तरुणांनी नाक मुरडू नये. त्या बडबडीतच त्यांची हजेरी लागत असते.

राहता राहिला तीन दिवसांचा हिशेब. एकूण कटिंग ३८. त्यांपैकी दंडाच्या १५. पैकी पाच आक्कांच्या, दहा तात्यांच्या. तात्यांनी आनंदाने पाजल्या ५. मास्तरांनी पाजल्या ५. काकांच्या नावावर ३, त्या उधार. उरलेल्या १० आमच्या खिशातून. माळा साफ झाला नाही. त्याबद्दल आमच्या मिसेसनी जो दंड केला तो इथे जाहीर करता येत नाही. घरच्या बाबी कट्ट्याच्या कायद्यात बसत नाहीत.

जयभीम.