श्वानोद्यानाचे सभासदत्व

मोठ्या शहरांतून अलीकडे श्वानोद्याने निघू लागली आहेत. कुंपणाच्या आत कुत्र्यांस साखळीविना धावू देण्याची जागा, एवढाच ह्या भारदस्त शब्दाचा अर्थ. अमेरिकेतील बर्कली शहरी १९७९ साली असे एक उद्यान निघाले व तेथून ही कल्पना जगभर गेली. आपल्याकडे हैदराबादच्या महानगरपालिकेने २०१८ साली कोंडापूर भागात सव्वा एकराहून किंचित मोठे उद्यान खास कुत्र्यांकरिता उघडले. हैदराबाद आम्हा परभणीकरांस परके नव्हे. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा त्याच राज्यात मोडत होता. कित्येक ठिकाणची उद्याने मात्र खाजगी असून त्यांचे दार केवळ वर्गणीदार सभासदांनाच उघडते. ताडकळसची जी मंडळी पोटापाण्यासाठी दूरच्या शहरी राहिली आहेत, त्यांपैकी एखाद्याच्या घरी कुत्रा असल्यास त्याच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार : असे सभासदत्व घ्यावे काय?

पारावर ही गोष्ट काढली, तर प्रथम हशा पिकेल आणि मग कोणीतरी म्हणेल, ‘माणसांच्या पोरांना खेळावयास पटांगण नाही आणि कुत्र्यांना बगीचा!’ हा आक्षेप आम्हांस अर्धाच खरा वाटतो. धावण्यासाठी जन्मलेला प्राणी चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत कोंडून ठेवणे ही दयाही नव्हे व हौसही नव्हे. शिवाय कुंपण जसे कुत्र्याच्या सोयीचे, तसेच कुत्र्यास भिणाऱ्या लेकरांच्याही सोयीचे असते. पटांगण नसल्याचा दोष त्या मुक्या जनावराच्या माथी मारून काय उपयोग?

तेव्हा जागेचा वाद आम्ही येथेच सोडतो. आम्हांस विचार करण्याजोगी वस्तू वाटते, ती त्या उद्यानाच्या दाराशी असलेली वही. चांगल्या उद्यानात प्रवेश मिळण्यापूर्वी कुत्र्यास रेबीजची व इतर रोगांची लस टोचल्याचा दाखला पाहतात. नव्या कुत्र्याचा स्वभाव काही काळ पारखतात. धन्याने जवळ उभे राहिले पाहिजे, विष्ठा स्वतः उचलली पाहिजे, आणि कुत्रा दुसऱ्याच्या अंगावर गेल्यास त्याचा जाब दिला पाहिजे. सभासद पैसे भरून वरवर पाहता मोकळी जमीन विकत घेतो. खरे पाहता, आत जो जो कुत्रा आहे त्याला कोणीतरी जबाबदार धनी आहे, ही निश्चिंती तो विकत घेत असतो.

आता आमच्या गावाकडे वळू. येथे धावण्यास जागा मुबलक. काळ्या रानात पीक निघाले की कुत्र्यांस सारा शिवार मोकळा. परंतु वही? एकाच कुत्र्याला तीन घरची भाकर मिळते. रात्री चोराची चाहूल लागून ते भुंकले, की तिन्ही घरे ‘आमचा मोत्या’ म्हणून त्याचे कौतुक करतात. आणि सकाळी त्याने शाळेस निघालेल्या मुलाची पोटरी फोडली, की तेच मोत्या ‘कुठले कोण जाणे’ होते. खंडोबाच्या पायाशी कुत्रा, दत्ताच्या भोवती चार कुत्रे, हे सारे आम्ही भक्तीने पाहतो. पण दारातल्या कुत्र्याला सुई टोचून आणण्याची पाळी आली, की त्याचा धनी सापडत नाही.

ह्यात हसण्यासारखे काही नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस बहुधा वाचतच नाही. तत्पूर्वी मात्र तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर ह्यांच्या लसीचा प्रयोग जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलावर झाला व तो मुलगा जगला. आमच्या विद्यार्थिमित्रांनी हे पक्के ध्यानी ठेवावे, की चावा किरकोळ दिसला तरी जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिला हळद-तिखट लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लशीचे सर्व डोस पुरे करावेत.

परंतु चावल्यानंतरचा उपाय म्हणजे अर्धेच काम. शंभरांतील सत्तर कुत्र्यांस लस दिली गेली, तर त्यांच्यातील रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञांचे मत आहे. गावात दोनशे कुत्री धरली, तर एकशे चाळीस. येथेच सभासदांच्या कुंपणाची मर्यादा उघड होते. आतील चाळीस कुत्र्यांस उत्तम लस मिळाली आणि बाहेरची तशीच राहिली, तर साखळी तुटत नाही. ह्याउलट गोव्यात पथके हाती जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली. मालकाची व बेवारशी असा भेद न करता त्यांनी दरवर्षी हजारो कुत्र्यांस लस टोचली. २०१८ व २०१९ ह्या दोन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही.

कायद्याचेही साधारण असेच म्हणणे आहे. २०२३ च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ह्यांचा भार स्थानिक संस्थांवर ठेविला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लस व शस्त्रक्रिया झालेली कुत्री, पिसाळलेली व हिंस्र वगळून, मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर रोजी मात्र शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून ती हलवून परत तेथे न सोडण्याचा आदेश दिला. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात कुत्री मारण्याच्या हुकुमावरून दंगल उसळली होती. दोन शतके होत आली, तरी हा वाद निवालेला नाही!

सभासदत्वाच्या दारावर कुत्र्यामुळे अडलेला सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे धर्मराज. स्वर्गात कुत्र्यास मज्जाव, असे इंद्राने सांगताच, ज्याने वाटभर सोबत केली त्यास टाकून येणार नाही, असे त्याने उत्तर दिले. त्या कुत्र्याला ना मालक होता ना दाखला. आमच्या वाचकांपैकी कोणी शहरी असेल, तर त्याने सभासदत्व खुशाल घ्यावे. मात्र वर्गणीच्या काही अंशाने आपल्याच गल्लीतल्या दोन बेवारशी कुत्र्यांस दरवर्षी लस देववावी. आणि ताडकळसने कुंपणाच्या भानगडीत न पडता ती वही तेवढी उचलावी. ग्रामपंचायतीत कुत्र्यांची नोंद व्हावी, भाकर घालणाऱ्या घराचे नाव त्यापुढे लिहावे, लस झालेल्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधावा. पशुवैद्यक महाविद्यालय परभणीसच आहे. सल्ला मागावयास दूर जाणे नको. पाश्चर ह्यांच्या पुण्यतिथीस, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांनी आळी वाटून घेऊन गणतीस आरंभ करावा. कोणते कुत्रे कोणाच्या ओट्यावर निजते, हे मोठ्यांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते.