पायांचा हिशेब डाळीकडे मागू नका

सणाला केलेले चार लाखोरीचे वडे खाऊन कोणाचे पाय लुळे पडत नाहीत. हे वाक्य आधीच लिहून टाकते. कारण मी भंडारा जिल्ह्यातली, आणि आमच्याकडे वडे कोणत्या डाळीचे होतात हे पुण्या-मुंबईत कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ती लकव्याची डाळ? तुम्ही अजून खाता ती?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते. काळजीच्या खाली थोडी कीवही असते.

अलीकडे दुसरी एक जमात निघाली आहे. तिला लाखोरी 'गावरान', 'विस्मृतीत गेलेली', 'आजीच्या हातची' वाटते. मातीची चूल, पितळेचं भांडं, मागे बासरी, तीस सेकंदांचा व्हिडिओ. या जमातीला लकव्याचं नावही काढलेलं चालत नाही. मूड जातो.

या लेखात मला दोघांशीही भांडायचं आहे. एकाला डाळीत फक्त विष दिसतं, दुसऱ्याला फक्त आठवण. ती डाळ रोज कोण खात होतं आणि का खात होतं, हा प्रश्न मात्र दोघंही टाळतात.

आधी डाळीची ओळख. लाखोरी म्हणा, लाखोळी म्हणा, लाख म्हणा. हिंदीत खेसरी, छत्तीसगडकडे तिवरा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिची शेती पाहिली नसेल तर खरी वाटणार नाही. धान कापणीला येण्याच्या थोडं आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोरीचं बी फेकून देतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणं नाही. धान कापून नेलं की खाली हिरवं कोवळं पीक उभंच असतं. धानाने सोडलेल्या ओलीवर ते थंडीत वाढतं, निळी फुलं येतात, शेंगा भरतात. कोवळा पाला भाजीला, दाणा डाळीला, भुसा जनावरांना. शिवाय हे शेंगवर्गीय पीक, त्यामुळे जमिनीला नत्र देऊन जातं. ज्याच्याकडे विहीर नाही, त्याला दुसरं पीक देणारी ही एवढीच डाळ.

आणि आता वडा. डाळ रात्री भरपूर पाण्यात भिजत घालायची. सकाळी ते पाणी फेकायचं, डाळ चोळून धुवायची, पुन्हा पाणी बदलायचं. मग पाट्यावर जाडसर वाटायची. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवायचा, गंध होता कामा नये. त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ, आणि भरपूर सांबार. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरच्या सांबाराचा इथे संबंध नाही.) ओल्या तळव्यावर थापून तेलात सोडायचे. जवसाचं तेल असेल तर उत्तम, त्याचा उग्रपणा या डाळीला शोभतो. बाहेरून कुरकुरीत, आत दाणेदार. हरभऱ्याच्या वड्याला ही चव येत नाही, तुरीच्या तर नाहीच. हीच वाटलेली डाळ कोचईच्या पानांना लावून वड्याही होतात. कोचई म्हणजे अळू.

कृती एवढीच आहे. पण तिच्यातली एक पायरी पुन्हा वाचा: ते पाणी फेकायचं.

लाखोरीत ओडॅप नावाचं एक द्रव्य असतं. ते मज्जासंस्थेला घातक आहे. दिवसाच्या जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग ही डाळच असेल, आणि असं सलग दोन-तीन महिने चाललं, तर काही जणांच्या पायांतली ताकद जाते. पोटऱ्या ताठतात, टाचा टेकत नाहीत, काठी येते, पुढे रांगणं येतं. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. तो बरा होत नाही. तरण्याताठ्या पुरुषांना तो जास्त गाठतो. यातलं काहीही मला लपवायचं नाही आणि सौम्यही करायचं नाही. मात्र ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ भिजवून, शिजवून पाणी टाकलं की त्याचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. सगळा जात नाही, बराच जातो. बरोबर भात-भाकरी, भाजी आणि इतर डाळी असल्या की धोका आणखी उतरतो.

मग पाय कोणाचे गेले? ज्यांच्या ताटात बरोबर दुसरं काहीच नव्हतं, त्यांचे.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी सागर भागातली हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षं टिकली ती फक्त ही डाळ. लोक तिच्यावरच जगले, आणि मग तरुण माणसांचे पाय जायला लागले. त्याआधी स्पेनमध्ये, नेपोलियनच्या फौजांशी युद्ध चालू असताना माद्रिदमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा लोक याच दाण्याच्या पिठाची लापशी खाऊन राहिले. चित्रकार गोया याने त्यावर चित्र काढलं: लापशीच्या भांड्याभोवती भुकेली माणसं, आणि खाली आडवी पडलेली एक बाई. दुसऱ्या महायुद्धात व्हाप्नियार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना जनावरांच्या चाऱ्यातली लाखोरी खायला घातली गेली. थोड्याच आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय अधू झाले. कैद्यांमधल्याच एका डॉक्टरने, आर्थर केसलर याने, कारण ओळखलं.

आपल्या शेजारच्या रीवा-सतना भागात तर ना युद्ध होतं ना छावणी. तिथे जमीनदार बांधील मजुरांची मजुरीच या डाळीत चुकती करत. गहू धन्याच्या कोठारात, खेसरी मजुराच्या पदरात. वर्षानुवर्षं.

दुष्काळ, युद्ध, छावणी, वेठबिगारी. या चारही ठिकाणी माणसाला दुसरं काही खायला मिळू नये अशी व्यवस्था होती. डाळ तीच होती म्हणून आपण आरोपीच्या पिंजऱ्यात डाळीला उभं केलं. व्यवस्थेवर समन्स निघालं नाही.

आता जरा अमेरिकेत चला, कारण तिथे असाच खटला उभा राहिला होता आणि त्याचा निकाल वेगळा लागला. अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं, म्हणजे मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया वगैरे. तिथे मक्याच्या पिठाचा पाव ताटात डाव्या बाजूला आपली कोशिंबीर असावी तितका ठरलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच राज्यांत पेलाग्रा नावाचा रोग थैमान घालत होता. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा, माणसं मरायची. कोणी म्हणालं मका सडका आहे, कोणी म्हणालं रोग संसर्गाचा आहे. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने १९१४ पासून पिच्छा पुरवला आणि दाखवून दिलं की रोग संसर्गाचा नाही, निकृष्ट जेवणाचा आहे. कुळांच्या घरात जेवण म्हणजे मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. कापूस पार दारापर्यंत लावलेला, भाजीपाल्याला जागा नाही, गाय नाही, आणि उधारीचं दुकान बहुतेक वेळा मालकाचंच. दूध, मांस, कडधान्य मिळालं की रोग हटत होता. पुढे १९३७ साली कळलं की कमतरता नायसिन या जीवनसत्त्वाची आहे. १९४०च्या दशकात पिठात ते मिसळायला सुरुवात झाली. पेलाग्रा हटला.

मेक्सिकोतल्या बायका तर हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून धूत होत्या. त्याने मक्यात अडकलेलं नायसिन मोकळं होतं. मका जगभर गेला, चुन्याचं पाणी मात्र मागेच राहिलं.

यातला मुद्दा असा की मका हद्दपार झाला नाही. आज तोच मक्याचा पाव दक्षिणेची शान आहे. लोक आईच्या बिडाच्या तव्यासकट त्याच्या आठवणी काढतात, पाककृतीवरून भांडतात. रोगाचं धान्य वारशाचं धान्य झालं, कारण दुरुस्ती पिठात आणि जेवणात झाली.

आपण काय केलं? १९६१ साली केंद्राच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत खेसरीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. राज्यांनी ती आपापली लागू करायची होती. महाराष्ट्राने केली. गंमत पाहा, ओडॅप हे द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळं काढून ओळखलं ते १९६४ साली. शिक्षा आधी झाली, पुरावा तीन वर्षांनी आला. आणि बंदी कशावर? विक्रीवर. पेरण्यावर नाही. म्हणजे ज्या गरिबाच्या घरात ती पिकत होती, त्याच्या ताटातून ती गेली नाहीच. गेला तो फक्त त्याच्या मालाचा भाव. उघड बाजारात जे नावाने विकता येत नाही, त्याची किंमत विकत घेणारा ठरवतो. आणि ज्या डाळीला स्वतःच्या नावाने बाजारात उभं राहता येत नाही, ती दुसऱ्याच्या नावाने उभी राहते: तुरीच्या डाळीत, बेसनात. तुरीची डाळ गोलसर असते, लाखोरीची कोनदार, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी. डाळ असेल तर डोळ्यांना कळतं. दळल्यावर कोण ओळखणार? म्हणजे बंदीने लाखोरी थांबवली नाही, फक्त तिचं नाव पुसलं. नाव पुसलं की ग्राहकाला भिजवण्याचं आणि पाणी फेकण्याचं भानही राहत नाही.

या बंदीविरुद्ध नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी अनेक वर्षं लढले, उपोषणाला बसले. त्यांचं प्रत्येक विधान तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. पण आमच्या शेतातल्या पिकासाठी कोणीतरी उपाशी बसत होतं, हे आमच्या पिढीला ठाऊक तरी असावं. दरम्यान शेतकी शास्त्रज्ञांनी कमी ओडॅपचे वाण काढले: रतन, प्रतीक, महातेवडा. २०१६च्या सुरुवातीला तज्ज्ञ समितीने या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा देशात डाळींचे भाव कडाडले होते, हा योगायोग लक्षात ठेवा. डाळ शहराला महाग झाली की आमची लाखोरी एकदम निर्दोष ठरते.

आता व्हिडिओवाल्यांकडे वळते. तुम्ही म्हणाल, आम्ही तर तिची बाजूच घेतो. घेत नाही. "आपले पूर्वज हेच खाऊन ठणठणीत होते" असं तुम्ही म्हणता तेव्हा ज्या पूर्वजांचे पाय गेले त्यांना तुम्ही कुटुंबातून वजा करता. ज्याच्या घरी धान, तूर, ताक, भाजी सगळं होतं त्याच्यासाठी लाखोरी ही सणाची चव होती. ज्याच्या घरी काहीच नव्हतं त्याच्यासाठी ती रोजचं पोट होती. दोघांच्या आजीच्या हातची चव एक नव्हती. तुमच्या व्हिडिओत फक्त पहिली आजी येते.

आणि दुसरं. या आज्यांनी डाळ भिजवून पाणी फेकलं, ते व्हिडिओत कंटाळवाणं म्हणून कापलं जातं. नेमकं तेच ज्ञान होतं. चूल ज्ञान नाही, पितळेचं भांडं ज्ञान नाही. परंपरा जपायची तर ती पायरी जपा, बाकी गॅसवर करा, काही बिघडत नाही.

मला हवं ते फार मोठं नाही. कमी ओडॅपचं बी भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला कृषी केंद्रात सहज मिळावं. डाळीची तपासणी व्हावी आणि ती स्वतःच्या नावाने विकली जावी. पाकिटावर मराठीत दोन ओळी छापाव्यात: रात्रभर भिजवा आणि पाणी टाका, रोजचं मुख्य अन्न म्हणून खाऊ नका. बेसनात चोरून मिसळणाऱ्याला पकडावं, पिकवणाऱ्याला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही घरात एकाच धान्यावर तीन महिने काढायची वेळ येऊ नये. रेशनच्या दुकानात तांदळाबरोबर डाळही नेमाने मिळाली, तर लॅथिरिझमवर याहून मोठा इलाज नाही. या शेवटच्या मागणीला खर्च येतो. बंदीला येत नाही. म्हणून बंदी लवकर येते.

तोवर वडे करायचे असतील तर जरूर करा. माहितीतल्या शेतकऱ्याकडून डाळ घ्या, नाव घेऊन मागा, आणि भाव पाडून मागू नका. रात्री भिजवा. सकाळी पाणी मोरीत ओता. जाडसर वाटा, सांबार सढळ हाताने घाला, गरम गरम खा. आणि कोणी विचारलं, "ही लकव्याची डाळ ना?", तर त्याला वडा द्या आणि रीवाच्या मजुरांना मजुरी कशात मिळत होती ते सांगा.