विश्लेषण : दुचाकीचे पंक्चर पाच मिनिटांत निघते, धोका निघतो का?

सुरत-धुळे-नागपूर महामार्गावर (जुना क्रमांक 6, आताचा 53) साक्रीच्या दोन्ही बाजूंना रस्त्याकडेला उभा केलेला जुना टायर दिसला, की तिथे पंक्चरचे दुकान आहे हे कुणाला सांगावे लागत नाही. पिंपळनेर, निजामपूर, दहिवेलकडून येणाऱ्या हजारो दुचाकीस्वारांचा आधार हीच दुकाने आहेत. मात्र तिथे ग्राहक दोनच प्रश्न विचारतो : किती पैसे आणि किती वेळ? दुरुस्ती टिकेल का, हे सहसा विचारले जात नाही. खरे तर सर्वात आधी विचारायला हवे ते हेच.

ट्यूब आणि ट्यूबलेस यांत फरक काय?

तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. तिला बाभळीचा काटा किंवा खिळा लागला, की हवा झपाट्याने जाते. वेगात असताना ट्यूब फाटली तर चाक एकदम बसते आणि गाडी लडबडते. ट्यूबलेस टायरमध्ये हवा टायर आणि रिम यांच्यात कोंडलेली असते. घुसलेला खिळाच भोक बऱ्यापैकी धरून ठेवतो, त्यामुळे हवा हळूहळू उतरते आणि थांबायला वेळ मिळतो. म्हणूनच ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला तर तो रस्त्यातच उपटू नये. थोडी हवा भरून सावकाश जवळचे दुकान गाठावे.

ट्यूबलेसला बाहेरून घातलेली पट्टी पुरेशी का नाही?

खिळा उपटायचा, भोक टोच्याने घासायचे, सोल्युशन लावलेली रबरी पट्टी आत खुपसायची आणि उरलेले टोक कापायचे. टायर रिमवरून काढावा लागत नाही, म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली. तिची उणीवही इथेच आहे. टायर उघडलाच नाही, तर आतून काय झाले ते दिसत नाही. कमी हवेवर गाडी काही अंतर चालली असेल, तर टायरची बाजू आतून चुरगळलेली असू शकते. बाहेरून मात्र सारे ठीक वाटते. टायर उतरवून, आतला भाग तपासून, भोक भरणारा आणि आतून चिकटणारा मशरूम पॅच लावणे ही खरी दुरुस्ती. तिला वेळ आणि पैसे जास्त लागतात. बाहेरची पट्टी वाईट नाही, पण ती घरी पोहोचण्यापुरती समजावी आणि तोवर वेग कमी ठेवावा.

ट्यूबचे पंक्चर नीट निघाले, हे कसे ओळखायचे?

ग्राहकाने शेजारी उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, टायरच्या आतून कापड फिरवून काटा शोधला का? काटा आतच राहिला तर नवे ठिगळही तासाभरात निकामी होते. दुसरी, ट्यूब कोरडी करून कानशीने खरवडली का आणि सोल्युशन वाळू दिले का? ओल्या सोल्युशनवर दाबलेला पॅच उन्हात तापला की सुटतो. तिसरी, पॅच लावल्यावर ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले का? चौथी, टायर चढवताना लिव्हरखाली ट्यूब चिमटू नये म्हणून तिच्यात थोडी हवा भरली का आणि व्हॉल्व्ह सरळ आहे का?

यानंतर सर्वात दुर्लक्षित काम येते. मागचे चाक काढताना ड्रम ब्रेकचा रॉड सोडवावा लागतो आणि चेनचा ताणही बदलतो. चाक बसल्यावर अॅक्सलचा नट, ब्रेक आणि चेन तपासल्याशिवाय निघू नये. पंक्चर उत्तम निघाले, पण पहिल्याच उतारावर ब्रेक लागला नाही, तर त्या दुरुस्तीचा उपयोग काय?

कोणता टायर दुरुस्त करूच नये?

भोक टायरच्या बाजूला असेल, चीर पडली असेल किंवा भोक साधारण 6 मि.मी.पेक्षा मोठे असेल, तर टायर बदलावा. बाजूचा भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो, तिथे ठिगळ टिकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी 0.8 मि.मी.पेक्षा कमी चालत नाही. इतक्या झिजलेल्या टायरचे पंक्चर काढणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. ट्यूबलेस टायर गळतो म्हणून त्यात ट्यूब टाकण्याची पद्धतही सर्रास दिसते. त्यामुळे हवा हळू उतरण्याचा ट्यूबलेसचा मोठा फायदाच जातो.

हवेचे काय?

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो आणि जास्त तापतो. कांद्याच्या गोण्या किंवा तिघे जण घेऊन निघालेल्या गाडीचा मागचा टायर आधी याच कारणाने जातो. किती हवा हवी, ते गाडीवरील स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. ती सकाळी, टायर थंड असताना मोजावी. बोटाने दाबून अंदाज घेऊ नये.

चालत्या गाडीची हवा गेली तर?

हँडल घट्ट धरावे, अॅक्सिलरेटर सोडावा आणि जोरात ब्रेक दाबू नये. लागलाच तर ज्या चाकात हवा आहे, त्याचा ब्रेक हलकेच वापरावा. गाडी डांबरी पट्ट्याबाहेर पूर्ण उतरवावी. कोंडाईबारी घाटात वळणावर थांबू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आणि आणीबाणीत 112 हे क्रमांक आहेत.

मग जबाबदारी कुणाची?

सगळे खापर पंक्चरवाल्यावर फोडणे सोपे आहे. तो भर उन्हात, भरधाव ट्रकांकडे पाठ करून काम करतो. त्याच्या शेजारी हवेच्या दाबाची टाकी आणि सहज पेट घेणारे सोल्युशन असते. हे काम तो बहुधा दुसऱ्याच्या हाताखाली शिकलेला असतो. केंद्राने 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, चांभार आहे, कुलूप बनवणारा आहे, पण पंक्चर काढणारा नाही. ज्याच्या हातावर रोज शेकडो जीव अवलंबून आहेत, त्याचे काम कुशल मानलेच गेलेले नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. आयटीआयमध्ये काही दिवसांचे प्रशिक्षण, टायर उतरवण्याच्या यंत्रासाठी लहान कर्ज, टाकीच्या सुरक्षा व्हॉल्व्हची नियमित तपासणी आणि चौपदरी महामार्गालगत वाहतुकीपासून दूर अशी हक्काची जागा, एवढे झाले तरी मोठा फरक पडेल. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि वाढत्या वेगात जुने ठिगळ अधिक धोक्याचे ठरते. ग्राहकानेही पट्टी आणि पॅच यांच्या दरातला फरक नीट समजून घ्यावा. तो दवाखान्याच्या एका फेरीपेक्षा नक्कीच कमी आहे.